प्रोफाइल काढणं म्हणजे लॉग आउट होणं नव्हे

‘ती दुसरी प्रोफाइल काढून टाका हो, काही होत नाही. सगळं गूगलवर असतंच. हवं तेव्हा परत साइन इन करायचं, जसंच्या तसं येतं.’

हा सल्ला मोबाइलच्या दुकानात मिळतो, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळतो, आणि घरात ज्याला फोनमधलं सगळं कळतं असं मानलं जातं त्या भाच्या-पुतण्याकडूनही मिळतो. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. फोनची जागा भरलेली असते, ‘स्टोरेज संपत आलं’ अशी सूचना सारखी डोकावत असते, आणि दुसरी प्रोफाइल कोणी वापरत नसतं. पण सल्ला साफ चुकीचा आहे, आणि ते कळतं सगळं पुसून झाल्यावर. म्हणून त्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

अँड्रॉइडमध्ये एका उपकरणावर अनेकांसाठी स्वतंत्र प्रोफाइल ठेवण्याची सोय २०१२ साली ४.२ या आवृत्तीत आली, तीही फक्त टॅबलेटवर. फोनवर ती आली २०१४ मध्ये, ५.० या आवृत्तीबरोबर. पिक्सेल, मोटोरोला, नोकियाच्या फोनवर ती सेटिंगमध्ये ‘मल्टिपल यूजर्स’ किंवा नुसतं ‘यूजर्स’ या नावाने सापडते. शाओमीने त्याच पायावर आपली ‘सेकंड स्पेस’ उभी केली. २०२० मध्ये शाळा फोनवर भरू लागल्या, तेव्हा आईच्याच फोनवर मुलाच्या वर्गासाठी वेगळी प्रोफाइल उघडणं हा सोयीचा मार्ग होता. कोणी दुकानाच्या दुसऱ्या नंबरासाठी उघडली, कोणी गावाहून राहायला आलेल्या वडिलांसाठी. पुढे मुलाला स्वतःचा फोन मिळाला, वडील गावी परतले, आणि प्रोफाइल तिथेच पडून राहिली. ती काढावीशी वाटण्यात काहीच गैर नाही. प्रश्न आहे तो काढताना नेमकं काय घडतं याचा.

फोनच्या दृष्टीने प्रत्येक प्रोफाइल हा एक वेगळा वापरकर्ता असतो. मूळ मालकाचा क्रमांक शून्य, नंतर येणाऱ्यांचे क्रमांक साधारणपणे दहापासून पुढे. प्रत्येकाच्या फायलींचं घर वेगळं आणि त्या फायली कूटबद्ध करणाऱ्या चाव्याही वेगळ्या. म्हणूनच मालकाला दुसऱ्या प्रोफाइलमधले फोटो दिसत नाहीत. तुम्ही ‘डिलीट यूजर’ दाबता तेव्हा फोन त्या वापरकर्त्याला नुसता बाहेर काढत नाही. त्याचं सगळं घर पुसतो आणि चाव्याही नष्ट करतो. या कृतीला कचरापेटी नाही. गूगल फोटोजमध्ये पुसलेला फोटो काही दिवस ‘बिन’मध्ये थांबतो, तशी मुदत इथे मिळत नाही. हे माझं मत नव्हे. गूगलच्या स्वतःच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलं आहे की ही कृती मागे घेता येत नाही, आणि बटण दाबण्याआधी फोनही तसा इशारा देतो. लोक तो न वाचता पुढे जातात, कारण कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, काही होत नाही म्हणून.

आता ‘सगळं गूगलवर असतंच’ या वाक्याकडे वळू. गूगलवर तेवढंच असतं जेवढं तिथे पाठवलं गेलं आहे. फोटोंचा बॅकअप चालू केला असेल तरच फोटो तिथे असतात, आणि चालू असूनही फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरली की तो थांबतो. दर्जा थोडा कमी करून अमर्याद फोटो फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून संपली, हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही. संपर्क गूगल खात्यात जतन केले असतील तर सुरक्षित. नंबर साठवताना ‘डिव्हाइस’ निवडलं असेल तर ते प्रोफाइलबरोबर गेले. डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफ, रेकॉर्डरमधले आवाज, एखाद्या नोंदवहीच्या ॲपमध्ये लिहिलेला हिशोब, हे आपोआप कुठेही जात नाही. ॲपच्या माहितीचा अँड्रॉइडकडून होणारा आपोआप बॅकअप आहे, पण त्याची मर्यादा एका ॲपला २५ एमबी, आणि ॲप बनवणाऱ्याला तो पूर्ण बंद ठेवता येतो. व्हॉट्सॲपचा बॅकअप तुम्ही चालू केला असेल तरच गूगल खात्यात जातो, आणि परत मिळवायला तेच गूगल खातं आणि तोच मोबाइल नंबर, दोन्ही लागतात. नंबर मधल्या काळात बंद केला असेल तर बॅकअप असूनही हाती काही लागत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खुपतं ते आवाजांचं. फोटो निदान कोणाला तरी पाठवलेले असतात, ते शोधून मिळतात. आजीने म्हटलेल्या ओव्यांचं किंवा वडिलांनी सांगितलेल्या जमिनीच्या जुन्या व्यवहाराचं रेकॉर्डिंग मात्र त्या एकाच फोनवर, त्या एकाच फोल्डरमध्ये असतं. ‘गूगलवर असतंच’ म्हणणाऱ्याच्या यादीत ते नसतंच.

पहिल्या गैरसमजाच्या पाठोपाठ दुसरा येतो: गेलंच तर दुकानात देऊ, तो सॉफ्टवेअर लावून काढून देतो. याचं मूळ खरं आहे, म्हणूनच तो इतका चिवट आहे. जुन्या मेमरी कार्डावरून पुसलेले फोटो खरोखर परत मिळायचे. तिथे पुसणं म्हणजे फाइलची नोंद काढणं एवढंच असे. मजकूर जागेवरच राही, नवीन काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. आजच्या फोनच्या अंतर्गत मेमरीत तसं होत नाही. अँड्रॉइड ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून, प्रत्येक वापरकर्त्याच्या फायली वेगळ्या चाव्यांनी कूटबद्ध करण्याची सोय आली, आणि अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना ती सक्तीची झाली. प्रोफाइल गेली की तिच्या चाव्या गेल्या. मेमरीच्या एखाद्या कोपऱ्यात काही अवशेष उरलेच, तरी ते अर्थहीन आकडे असतात. चावी नष्ट करून माहिती नष्ट करणं ही तडजोड नसून मान्यताप्राप्त पद्धत आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या माहिती नष्ट करण्याविषयीच्या मार्गदर्शिकेत तिचा रीतसर समावेश आहे. तेव्हा नव्या फोनमधली काढलेली प्रोफाइल परत आणून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. तो फार तर मेमरी कार्डावर किंवा गूगल खात्यात आधीपासून असलेलंच तुम्हाला काढून दाखवेल.

मग काढायची कशी? पहिली गोष्ट म्हणजे ज्याची प्रोफाइल त्याला समोर बसवा, निदान फोनवर घ्या. यामागे फक्त शिष्टाचार नाही. मालकाला दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये डोकावता येत नाही, पण ती पुसता येते, आणि त्यासाठी त्या माणसाचा पिन लागत नाही. पाहण्याचा अधिकार नाही आणि पुसण्याचा मात्र आहे, अशी ही रचना आहे. आत काय आहे हे ज्याला माहीत आहे त्यानेच प्रोफाइल उघडून पाहायला हवं. वडिलांना न विचारता त्यांची प्रोफाइल उडवणं हे त्यांचं कपाट न उघडता भंगारात देण्यासारखं आहे.

प्रोफाइल उघडली की फोटो, डाउनलोड, रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सॲप या चार ठिकाणी नजर टाका. एका प्रोफाइलमधून दुसरीत फायली थेट सरकवता येत नाहीत, म्हणून ती प्रोफाइल समोर चालू ठेवून फोन केबलने संगणकाला जोडा आणि हवं ते उतरवून घ्या, किंवा ड्राइव्हवर चढवा. शाओमीच्या सेकंड स्पेसमध्ये मात्र फायली आणि संपर्क पहिल्या स्पेसमध्ये हलवण्याची सोय सेटिंगमध्येच दिलेली आहे. व्हॉट्सॲपमध्ये चॅट बॅकअपवर जाऊन शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते पाहा आणि ताजा घ्या. त्या प्रोफाइलमध्ये ऑथेंटिकेटरसारखं कोड देणारं ॲप असेल तर थांबा. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये कोड खात्याशी जोडून ठेवण्याची सोय २०२३ मध्ये आली; ती चालू नसेल तर कोड प्रोफाइलबरोबर जातील आणि तुम्ही आपल्याच खात्याबाहेर अडकाल. गूगल खात्याला दुहेरी पडताळणी असेल तर बॅकअप कोड आधी कागदावर उतरवून घ्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर त्याच गूगल खात्यात शिरा आणि फोटो, संपर्क, फायली तिथे खरोखर दिसतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ज्या फोनमधून पुसणार त्याच फोनवर पाहून उपयोग नाही. तिथे फोनमधले आणि गूगलवरचे फोटो एकाच रांगेत दिसतात आणि फसगत होते. बाहेरून सगळं दिसलं की मग मालकाच्या प्रोफाइलमध्ये या, सेटिंगमधल्या यूजर्समध्ये ते नाव निवडा आणि डिलीट करा. दुसऱ्या वापरकर्त्यालाही याच पानावरून स्वतःला फोनवरून काढता येतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘प्रोफाइल काढली की गूगल खातंही बंद होतं.’ नाही. खातं गूगलकडे तसंच राहतं, फक्त या फोनवरून निघतं. मात्र सलग दोन वर्षं कुठूनही वापरलं नाही, तर ते आणि त्यातली माहिती हटवण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे ठेवला आहे.

‘मालकाचेही फोटो जातात.’ नाही. ते जातात फॅक्टरी रीसेटने, आणि एक प्रोफाइल काढायला रीसेटची मुळीच गरज नसते.

‘ॲप्स सगळ्यांचीच उडतात.’ ॲप फोनवर एकदाच साठवलेलं असतं. मालकही ते वापरत असेल तर ते राहतं, जाते ती त्या प्रोफाइलमधली माहिती. त्यामुळे जागाही वाटते त्यापेक्षा कमी मोकळी होते.

‘व्हॉट्सॲपचं खातं आपोआप बंद होतं.’ होत नाही. नंबर सोडणार असाल तर ॲपमध्ये जाऊन खातं स्वतः डिलीट करा, नाहीतर ग्रुपमध्ये तुमचं नाव बराच काळ तसंच राहील.

‘यूपीआयमधले पैसे जातात.’ पैसे बँकेत असतात, ॲपमध्ये नव्हे. याला एक अपवाद आहे, यूपीआय लाइट. तिथली शिल्लक फोनवरच्या ॲपशी बांधलेली असते, म्हणून आधी लाइट बंद करून ती रक्कम खात्यात परत घ्या.

‘ड्युअल ॲप्स वेगळं, त्याला धोका नाही.’ आहे. शाओमीच्या फोनवर ते दुसरं व्हॉट्सॲपही आतून वेगळ्या वापरकर्त्याखालीच चालतं. सोय बंद केली की त्याची माहिती गेली.

‘आयफोनवरही हे करता येतं.’ आयफोनवर अशी दुसरी प्रोफाइल नसतेच. सॅमसंगनेही ती फक्त आपल्या टॅबलेटवर दिली आहे, फोनवर त्याऐवजी ‘सिक्युअर फोल्डर’ आहे, आणि तो काढतानाही आधी आतलं बाहेर घ्यावंच लागतं.

आणि घाई कशाची? फोन रीस्टार्ट केल्यावर दुसरी प्रोफाइल कोणी उघडेपर्यंत बंदच असते; ती जागा अडवते, बाकी काही बिघडवत नाही. ज्याची प्रोफाइल आहे तो माणूस भेटत नसेल किंवा त्याला पिन आठवत नसेल, तर ती तशीच राहू द्या आणि जागा हवी असेल तर स्वतःच्या प्रोफाइलमधले व्हिडिओ कमी करा.