तारेची दोन टोके : जुन्या संगणकातील ‘स्कझी’ जोडणी

गेल्या शतकाच्या अखेरीस ज्या संस्थांनी आपल्या नोंदी संगणकावर घेतल्या, त्यांपैकी कित्येकांच्या चकत्या व चुंबकीय फिती ‘स्कझी’ जोडणीच्या होत्या. १९८६ साली अमेरिकेत या जोडणीचे राष्ट्रीय मानक ठरले. पुढे तिची जागा नव्या जोडण्यांनी घेतली. तथापि जुनी नोंद वाचावयाची झाल्यास तिच्याशी गाठ पडतेच. चकती वाचली जात नाही, म्हणून ती निकामी ठरविण्याची घाई पुष्कळदा होते. दोष मात्र तारेच्या टोकाशी असू शकतो.

या जोडणीत संगणक व उपकरणे मिळून आठ घटक ५० तारांच्या एकाच पट्टीवर ओळीने बसतात. पाटाचे दार एकाएकी बंद केले असता पाण्याची लाट उलट फिरते, तसा विजेचा स्पंद मोकळ्या टोकावरून परततो आणि मागून येणाऱ्या स्पंदांत मिसळून माहिती बिघडवितो. यासाठी पट्टीच्या दोन्ही टोकांस टर्मिनेटर बसवितात. त्याच्या साध्या प्रकारात प्रत्येक संदेशतार २२० ओहमच्या रोधाने ५ व्होल्टशी व ३३० ओहमच्या रोधाने शून्य दाबाशी जोडलेली असते. टोकाशी आलेला स्पंद तेथेच जिरतो.

टर्मिनेटर दोनच हवेत. संदेशतार खाली ओढताना एका टर्मिनेटरमधून सुमारे २३ मिलिअँपिअर प्रवाह येतो. उपकरणाची क्षमता ४८ ची. तिसरा बसविला की ती मर्यादा ओलांडली जाते. ही चूक सहज घडते, आणि तीही जाणत्यांच्या हातून! संगणकाच्या आत चकती असताना बाहेरून दुसरे उपकरण जोडले, की आतील नियंत्रक-कार्ड टोकाचे न राहता मधले होते. त्यावरील टर्मिनेटर मात्र तसाच राहतो. आखूड तारेवर असा दोष खपूनही जातो. तार वाढली की तो कधी दिसतो, कधी दिसत नाही.

तपासणीपूर्वी सर्व उपकरणांचा वीजपुरवठा बंद करावा. एकच उपकरण आखूड तारेने जोडून पाहावे व मग एकेक वाढवावे. दोन उपकरणांचा क्रमांक एकच नसावा. साध्या प्रकारात पट्टीची एकूण लांबी ६ मीटरच्या आत असावी. टर्मिनेटरला वीज पुरविणाऱ्या तारेचा फ्यूज उडालेला असल्यास टर्मिनेटर जागेवर असूनही निरुपयोगी ठरतो, हे सहसा लक्षात येत नाही.

चकती वाचू लागताच तिची संपूर्ण प्रत नव्या माध्यमावर घ्यावी. नोंदींची छाननी त्या प्रतीवरून करावी.