गावाची बैठक मोडते तेव्हा...

ब्रिटनमधल्या एखाद्या लहानशा गावातला पब बंद पडणार असं कळलं, की गावकरी सह्यांची मोहीम काढतात. सभा घेतात, कौन्सिलकडे अर्ज करतात, प्रसंगी वर्गणी गोळा करून तो पब चक्क विकत घेतात! आपल्याकडे बायका सह्यांची मोहीम काढतात ती दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून. आहे की नाही गंमत?

आपल्या महाराष्ट्रात दारूबंदीसाठी मतदान घेण्याचा नियम आहे. २००८च्या आदेशानंतर गावागावांतल्या बायकांनी ‘आडवी बाटली’ निवडून आणली. मी स्वतः अशा मोहिमेत घरोघर सह्या मागत फिरले आहे. नवऱ्याच्या पगाराचं पाकीट घरी येण्याआधीच कुठे रिकामं होतं, हे सांगताना बायकांचे डोळे कसे भरून येतात, ते जवळून पाहिलं आहे. त्यामुळे ‘पब वाचवा’ असं म्हणणाऱ्या लोकांबद्दल वाचलं, तेव्हा पहिल्यांदा कपाळाला आठीच पडली. पण मग वाटलं, एवढी सुशिक्षित, सुजाण माणसं एका दारूच्या दुकानासाठी का बरं हळहळत असतील? जरा समजून तर घेऊ या!

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्यातला कानठळ्या बसवणारा संगीताचा दणदणाट येतो. तिथल्या लहान गावातला पब तसा नव्हेच. पब हे ‘पब्लिक हाउस’चं लघुरूप. म्हणजे सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर! एक लाकडी काउंटर, थंडीत पेटलेली शेकोटी, भिंतीवर डार्ट्सची तबकडी, आठवड्यातून एकदा प्रश्नमंजूषा. ‘रेड लायन’, ‘क्राउन’, ‘रॉयल ओक’ अशी नावं आणि दारावर त्या नावाच्या चित्राची पाटी. मालक किंवा मालकीणबाई बहुतेक वेळा वरच्याच मजल्यावर राहणार. एक ग्लास पुढ्यात घेऊन माणूस दोन तास बसला तरी त्याला कुणी ‘ऊठ’ म्हणत नाही. पारावरच्या गप्पा, न्हाव्याच्या दुकानातल्या बातम्या आणि चहाच्या टपरीवरचं राजकारण असं सगळं एका छपराखाली आणलं, की जे होईल ते हे!

आता मैत्रिणींनो, एक आश्चर्याची गोष्ट. हा धंदा मुळात बायकांचा होता! मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘एल’ नावाची सौम्य बिअर घरोघरी बायकाच बनवायच्या. भाकरी भाजावी तितकं ते रोजचं काम. घरच्यांना पुरून उरली, की दाराबाहेर काठी लावायची, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायचं की इथं आज एल विकायला आहे. पुढे धंदा मोठा झाला, त्यात भांडवल आलं आणि तो हळूहळू पुरुषांच्या हाती गेला. पैसा दिसू लागला की घरातलं काम बाहेर जातं आणि बाई मागे राहते, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

इतकंच काय, पुढे तिला त्याच घरात मोकळेपणानं बसायचीही चोरी झाली. १९३०च्या दशकाअखेरीस बोल्टन या गिरणगावातल्या पबांचा एक बारकाईचा अभ्यास झाला होता. तो १९४३ साली पुस्तकरूपानं आला. त्या काळी पबमधली साधी खोली पुरुषांची. बाई बसलीच तर वेगळ्या, जरा सजवलेल्या खोलीत. कित्येक पबांत ‘स्नग’ म्हणून एक आडोशाची छोटी खोली असायची, कुणाच्या नजरेला न पडता बाईनं तिथं बसावं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल विनो’ या प्रसिद्ध बारमध्ये तर बायकांना काउंटरवर उभं राहून पेय मागायची मुभा नव्हती. टेस गिल ही वकील आणि अॅना कूट ही पत्रकार, या दोघी त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९८२ साली जिंकल्या. कामगारांच्या क्लबांच्या संघटनेनं तर बायकांना बरोबरीचं सभासदत्व द्यायला २००७ साल उजाडलं! तेव्हा जुना पब म्हणजे सगळं गोड गोड, असं मुळीच नाही.

तर असे हे पब मोठ्या संख्येनं बंद पडले आहेत. ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयानं २०१८ साली दिलेले आकडे बोलके आहेत. २००८ मध्ये देशात सुमारे ५० हजार पब होते, दहा वर्षांत ते ३९ हजारांवर आले. म्हणजे जवळजवळ चारातला एक गेला! आणि गेले ते बहुतेक छोटे. मोठ्या कंपन्यांनी मोठ्या पबांवर लक्ष दिलं, कोपऱ्यावरचा चार टेबलांचा पब मात्र मिटला.

का झालं असं? एकच कारण नाही. खाणी आणि गिरण्या बंद पडल्या, तशी पाळी संपल्यावर येणारी माणसंच उरली नाहीत. गिरण्या गेल्यावर आपल्या गिरणगावातल्या खानावळींचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. दुसरं कारण मालकीचं. १९८९ साली सरकारनं नियम केला, की दोन हजारांहून जास्त पब असलेल्या बिअर कंपन्यांनी आपली पकड सैल करावी. हेतू चांगला होता. पण झालं असं, की त्यांनी हजारो पब विकले आणि ते मालमत्ता सांभाळणाऱ्या नव्या कंपन्यांनी घेतले. पब चालवणाऱ्या कुटुंबानं भाडंही द्यायचं आणि बिअरही त्याच कंपनीच्या भावानं घ्यायची! या भाडेकरूंना दाद मागायची सोय व्हायला २०१६ साल यावं लागलं.

त्यात सुपरमार्केटनी स्वस्त बिअर विकायला सुरुवात केली. पबमध्ये एका ग्लासला जे पैसे पडतात, त्यात तिथं कितीतरी डबे येतात. २००७ साली इंग्लंडमध्ये बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली. आरोग्याच्या दृष्टीनं उत्तमच झालं, त्याबद्दल दुमत नको. पण जेवण न देणाऱ्या साध्या पबांची गिऱ्हाइकं त्यामुळे कमी झाली. पाठोपाठ मंदी. शिवाय जागेची किंमत! पब चालवण्यापेक्षा तो पाडून घरं बांधण्यात फायदा जास्त. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची कथा आठवते ना?

स्टॅफर्डशायरमधल्या हिमली गावाजवळचा ‘क्रूकेड हाउस’ म्हणजे ‘वाकडं घर’. खालची जमीन खाणकामामुळे खचली आणि इमारत एका बाजूला कलली, म्हणून हे नाव. लोक लांबून पाहायला यायचे. २०२३च्या जुलैत तो विकला गेला, ऑगस्टमध्ये एका रात्री त्याला आग लागली आणि दोनच दिवसांत, परवानगी न घेता, उरलेलं बांधकाम पाडण्यात आलं. लोक इतके संतापले की बस्स! अखेर २०२४च्या फेब्रुवारीत तिथल्या कौन्सिलनं तो होता तसा पुन्हा बांधून देण्याचा आदेश काढला. एका पबासाठी!

या गोष्टीला आपल्या माणसांचाही एक धागा आहे. पन्नास-साठच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच या गावांत पंजाबी माणसं ओतकामाच्या कारखान्यांत राबायला गेली. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळल्यावर संध्याकाळी पबमध्ये जावं, तर काळ्या-सावळ्यांना प्रवेश नाही, किंवा वेगळ्या खोलीत बसा! अवतारसिंग जौहल यांच्यासारख्या कामगार कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध झगडा केला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले माल्कम एक्स स्मेदिकला येऊन हा भेदभाव पाहून गेले. त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा झाला. आणि काळाची करामत बघा, पुढे त्या भागातले डबघाईला आलेले पब पंजाबी कुटुंबांनीच चालवायला घेतले! त्यांना आता ‘देसी पब’ म्हणतात. तंदुरी कोंबडी, कबाब, नान मिळतं. गोरे शेजारी येतात, सरदारजी येतात, लेकीसुनाही येतात. ज्या दारातून हाकललं, तेच दार यांनी उघडं ठेवलं.

आता माझ्या मनातल्या मूळ प्रश्नाकडे येते. पब बंद झाले तर लोकांचं पिणं कमी व्हायला हवं, नाही का? २०२०च्या २० मार्चला कोरोनामुळे ब्रिटनमधले पब बंद करण्याची घोषणा झाली. तो एक नकोसा प्रयोगच झाला म्हणा. त्या वर्षी थेट दारूमुळे झालेल्या मृत्यूंची संख्या ८,९७४ झाली. आदल्या वर्षी ती ७,५६५ होती. पुढे पब उघडले तरी आकडा खाली आला नाही. २०२३ मध्ये तो १०,४७३ वर गेला. याला एकटी पबबंदी जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. एकटेपणा, ताण, बंद पडलेले उपचार, सगळंच त्यात आलं. पण दार बंद झालं म्हणजे बाटली सुटली, असं होत नाही, एवढं मात्र हे आकडे बजावून सांगतात. पबमध्ये निदान चार माणसांची नजर असते. नशेत असलेल्या माणसाला दारू विकणं हा तिथं कायद्यानं गुन्हा आहे. घरी सोफ्यावर बसून पिणाऱ्याला कोण अडवणार? अडवायचं काम पुन्हा घरातल्या बाईच्याच गळ्यात!

म्हणूनच काही गावांनी वेगळी वाट शोधली. कंब्रिया परगण्यातल्या हेस्केट न्यूमार्केट या छोट्या गावानं आपला ‘ओल्ड क्राउन’ २००३ साली सहकारी पद्धतीनं विकत घेतला. लोकांच्या सहकारी मालकीचा हा ब्रिटनमधला पहिला पब. २०११च्या कायद्यानं गावाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या जागेची नोंद करता येते. ती विकायला निघाली, तर गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांची मुदत मागता येते. ‘पब इज द हब’ ही संस्था २००१पासून ग्रामीण पबांना आणखी सेवा सुरू करायला मदत करते आहे. म्हणजे पबमध्येच टपाल कचेरी, किराणा किंवा छोटं वाचनालय! अशा ठिकाणी सकाळी कॉफी प्यायला आलेल्या आजीबाईंनी बिअरचा थेंबही घेतला नाही तरी ती जागा त्यांचीच असते. ज्या देशाला २०१८ साली एकटेपणा या विषयासाठी मंत्री नेमावा लागला, तिथं अशा उघड्या दाराची किंमत केवढी असेल!

म्हणून मी आडव्या बाटलीची बाजू सोडली का? मुळीच नाही. आपल्याकडचं देशी दारूचं दुकान ही गावाची बैठक नव्हे. तिथं बाईला जागा नाही, लहान मुलाला जागा नाही, शुद्धीवर असलेल्यालाही फारशी नाही. ते बंद व्हायलाच हवं. पण दुकानाला कुलूप लागलं की आपण गुलाल उधळतो आणि घरी येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माणसांनी कुठे जायचं, हे कुणी ठरवलेलं नसतं. मग ती शेजारच्या गावातून बाटली आणतात आणि पुलाच्या कठड्यावर बसतात.

आणि आपलं, बायकांचं काय? नळ घरात आले आणि पाणवठा गेला. नळ नको होते का? हवेच होते! हंड्यांखाली मान मोडून घेण्यात काय सुख? पण पाण्याबरोबर सुखदुःख बोलायची जी जागा होती, तीही गेली आणि तिच्या बदल्यात काहीच आलं नाही. टीव्हीवरच्या मालिका आल्या फार तर!

चांगल्यासाठी केलेला बदलही एखादी बैठक मोडतो. ती मोडली की नवी आपोआप तयार होत नाही, ती मुद्दाम करावी लागते. गावात समाजमंदिर असतं, त्याला कुलूप असतं. शाळेची खोली संध्याकाळी रिकामी असते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात वर्तमानपत्रं येतात, पण तिथं बाई जात नाही. पुढच्या ग्रामसभेत किंवा महिला सभेत एवढाच विषय मांडून पाहा, की आपल्या गावात संध्याकाळी सहा ते आठ बाईमाणूस, म्हातारंकोतारं, कुणीही, एक पैसा खर्च न करता बसू शकेल अशी जागा कोणती? ती सापडली, तर तिची किल्ली बचत गटाकडे मागून घ्या.