ट्रेनरची जीभ आणि व्यायाम करणाऱ्याचा स्वाभिमान

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्याकडे आला. शिर्डीतल्या एका हॉटेलात तो रात्रपाळीला काम करतो. "जयभीम वकीलसाहेब, जिमचे पैसे परत मिळतील का?" एवढाच त्याचा प्रश्न होता. पोलीस भरतीची तयारी करायची म्हणून पगारातून शिल्लक टाकून त्याने सहा महिन्यांची फी एकरकमी भरली होती आणि दीड महिन्यात जिम सोडली होती. पावतीच्या तळाशी 'भरलेली फी परत मिळणार नाही' असा छाप होता. मी पावती बाजूला ठेवली आणि विचारले, "सोडलीस का?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ट्रेनर रोज सगळ्यांसमोर काडीपैलवान म्हणायचा. काही चुकलं की आरशापुढं उभं करून दुसऱ्यांना दाखवायचा. एकदा म्हणाला, तुझ्यासारख्यांनी भरतीची स्वप्नं बघूच नयेत."

"तुझ्यासारख्यांनी म्हणजे?" माझे कान टवकारले.

"जात नाही काढली साहेब. खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून जिमचा जिना चढायला नको वाटायला लागलं."

त्याच्या या प्रामाणिक उत्तराने माझ्यातला वकील अडला, पण कार्यकर्ता विचारात पडला. शिपाई भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची असते. १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. तीनही गोष्टी सरावाने जमणाऱ्या आहेत. या पोराचे पाय धड होते, छाती धड होती. मग मोडले काय? मोडले ते मन. आणि ते मोडणारा माणूस त्याच्याकडून त्याच कामाचे पैसे घेत होता!

माणसाचे मन व्यायामात केव्हा रमते आणि केव्हा उडते याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पोटाला जशी अन्नाची गरज असते तशा मनाच्याही तीन मूलभूत गरजा असतात. पहिली, मी हे माझ्या इच्छेने करतो आहे ही जाणीव, म्हणजे स्वायत्तता. दुसरी, मला हे जमते आहे, मी पुढे सरकतो आहे ही जाणीव. तिसरी, इथल्या माणसांत मला जागा आहे, माझी कोणाला तरी फिकीर आहे ही जाणीव. या तीन गरजा भागल्या तर माणूस मारून-मुटकून नव्हे, आपणहून टिकतो. त्या चिरडल्या गेल्या तर फी भरलेली असूनही पळून जातो.

आता हे तीन निकष घेऊन कोणत्याही जिममध्ये जाऊन बघा. नव्याने आलेल्या बाईला ट्रेनर विचारतो का, की बाई, तुम्हाला काय साधायचे आहे? वजन कमी करायचे, गुडघा सांभाळायचा, की नुसते मोकळे वाटायला हवे? की सर्वांना एकच तक्ता हातात देऊन 'मी सांगतो तेवढं करा' म्हणतो? रात्रपाळी करून आलेल्या पोराला आज थोडे हलके घे म्हणतो, की कामचुकार ठरवतो? चुकले तर जवळ येऊन कोपर कसे ठेवायचे ते दाखवतो, की लांबूनच ओरडतो? चार दिवस कोणी आले नाही तर चौकशी करतो, की फीची तारीख आली तरच त्याला नाव आठवते? या छोट्या छोट्या वागण्यातच त्या तीन गरजा भागतात किंवा मरतात.

२००८ साली ब्रिटनमधील एडमंड्स, न्टुमानिस आणि डूडा या संशोधकांनी व्यायामाच्या वर्गांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका वर्गात शिकवण्याची पद्धत मुद्दाम या सिद्धांताला धरून ठेवली, म्हणजे पर्याय देणे, कारण समजावून सांगणे, विचारपूस करणे. दुसऱ्या वर्गात नेहमीची पद्धत ठेवली. पहिल्या वर्गात आपल्याला जमते आहे आणि आपण इथले आहोत ही भावना अधिक वाढली आणि हजेरीही चांगली राहिली. वागणे बदलले आणि माणसे टिकली. याच क्षेत्रातील अभ्यासकांनी खेळाडूंवर हुकमत गाजवणाऱ्या प्रशिक्षकांच्या चार खोडी नोंदवल्या आहेत. बक्षिसाचे आमिष दाखवून नाचवणे, मनासारखे झाले नाही की बोलणे टाकणे, धाक घालणे आणि मैदानाबाहेरच्या आयुष्यावरही ताबा सांगणे. माझ्याकडे आलेल्या पोराच्या हकिगतीत धाक तर होताच, वर चारचौघांत पाणउतारा होता.

इथे कोणी म्हणेल, वकीलसाहेब, पूर्वीचे वस्ताद काय कमी कडक होते? कडक होतेच. पण कडकपणा आणि अपमान या दोन गोष्टी एक नाहीत. वस्ताद पहाटे पठ्ठ्याच्या आधी तालमीत हजर असे. त्याच्या खुराकाची, दुखण्याखुपण्याची काळजी वाही. शिस्तीच्या मागे नाते होते. आजच्या जिममध्ये अनेकदा वस्तादाचा आवाज तेवढा उरला आहे, नाते गेले आहे. अर्थात त्या नात्यालाही मर्यादा होत्याच. कोणाच्या पोराला तालमीच्या मातीत उतरू द्यायचे हे जात ठरवत होती अशी गावे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेत. म्हणून जुन्या तालमीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही.

शिर्डीला कुस्ती नवी नाही. साईसच्चरितात मोहिद्दीन तांबोळी या पहिलवानाशी साईबाबांची कुस्ती झाली आणि त्यात बाबा हरले, अशी हकिगत आहे. हरलेल्या माणसाला या गावाने कमी लेखले नाही. त्याच गावात वीस किलो वजन उचलता आले नाही म्हणून एका कष्टकरी पोराची टिंगल व्हावी?

उत्तम शिक्षक कसा असावा हे आपल्याला बाहेर शोधावे लागत नाही. रोज वंदनेत आपण तथागतांना 'पुरिसदम्मसारथि' म्हणतो, म्हणजे माणसांना वळण लावणारा सारथी. सोण नावाच्या भिक्षूची कथा आठवा. श्रीमंत घरातला, नाजूक पायांचा सोण चंक्रमण करता करता इतका हट्टाला पेटला की पाय रक्तबंबाळ झाले. शेवटी निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागत त्याच्याकडे गेले. त्याला आळशी म्हटले नाही की दुबळा म्हटले नाही. तू पूर्वी वीणा वाजवत होतास ना, असे विचारले. तारा फार ताणल्या तर सूर लागत होता का? फार सैल सोडल्या तर लागत होता का? उत्तर सोणानेच दिले. बघा, त्याला जे येत होते तिथूनच सुरुवात केली, निर्णय त्याच्यावर सोपवला आणि स्वतः त्याच्या जागी चालत गेले. ज्या तीन गरजा आज मानसशास्त्र सांगते त्या तिन्ही या एका संवादात भागलेल्या आहेत.

आता कायद्याचे. राज्यघटनेच्या कलम १५(२) प्रमाणे दुकानात प्रवेश देताना जात, धर्म, लिंग यांवरून अडवणूक करता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, सेवा देणारी ठिकाणेही त्यात येतात. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने याच खुलाशाचा आधार घेतला. या अर्थाने माझ्या मते जिमही 'दुकान'च आहे. जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. सेवेत त्रुटी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही लागत नाही. पावतीवर शिक्का मारला म्हणजे ग्राहकाचा हक्क संपत नाही. त्या तरुणासाठी मी नोटीस पाठवली आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळाले.

पण गेलेली उमेद कोणता आयोग परत देणार? कायदा दार उघडतो, आत गेल्यावर कसे वागवले जाईल हे प्रत्येक वेळी कायद्याच्या हातात नसते. आणि ट्रेनरला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करूनही भागणार नाही. तोही बहुधा आपल्यासारख्याच घरातला, कमी पगारावर पहाटेपासून रात्रीपर्यंत उभा असलेला पोरगा असतो. वकिलीला सनद लागते, जिममध्ये शिकवायला तशी लागत नाही. ज्या भाषेत त्याला शिकवले गेले तीच भाषा तो पुढे वापरतो. मालकांनी त्याच्याकडून प्रोटीनचे डबे खपवून घेण्यापेक्षा त्याला माणसाशी बोलायचे शिक्षण द्यावे.

आणि शेवटी स्वतःकडे बोट. आपल्या शिबिरांत, मोर्चाच्या तयारीत, शाखेच्या बैठकीत आपण नव्या कार्यकर्त्याशी कसे बोलतो? 'तुला काय कळतं, खाली बस' हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे, आणि कितीजणांनी उच्चारले आहे? पोरे चळवळीत टिकत नाहीत म्हणून आपण गळा काढतो. जिम सोडून जाणारा पोरगा आणि शाखा सोडून जाणारा पोरगा यांचे कारण एकच असू शकते.

तो तरुण आता नोकरीवरून सुटल्यावर पहाटे मोकळ्या मैदानावर धावतो. विहारातले दोन मित्र सोबत असतात. त्यातला एक घड्याळ लावून उभा राहतो आणि कालच्यापेक्षा किती सेकंद कमी लागले ते मोठ्याने सांगतो. भरतीत काय होईल ते होईल. पण आता त्याला रोज बोलवायला जावे लागत नाही.