हत्तीगवताच्या दोन काठ्या

2000 सालच्या ऑक्टोबरात उत्तर युगांडातल्या गुलू भागात इबोलाची साथ उघडकीला आली. लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते. डॉक्टर आले, विलगीकरण कक्ष उभे राहिले, आणि लोक घरातला आजारी माणूस लपवू लागले. तेव्हा बॅरी ह्यूलेट नावाचा एक मानवशास्त्रज्ञ जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीला गेला. रिचर्ड अमोला या सहकाऱ्यासोबत तो लोकांमध्ये बसला आणि विचारू लागला, की पूर्वी अशी साथ आली म्हणजे तुमची वडीलधारी मंडळी काय करायची?

उत्तर ऐकून मी तर थक्क झालो. तिथल्या अचोली लोकांकडे अशा साथीला शब्दच आहे, ‘गेमो’. वाऱ्यासारखा येणारा आणि एकाच वेळी अनेकांना धरणारा आत्मा. गेमो आला असे वडीलधाऱ्यांनी ठरवले, की गावाचे वागणे बदलते. आजाऱ्याला वेगळ्या घरात, इतरांपासून दूर ठेवायचे. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्तीगवताच्या दोन उंच काठ्या रोवायच्या, म्हणजे येणारा लांबूनच थबकेल. शुश्रूषा करायची ती या दुखण्यातून उठलेल्या माणसानेच. या गावातून त्या गावात जायचे नाही, परक्याच्या हातचे खायचे नाही, नाचगाणी बंद, शरीरसंबंध बंद. बरे वाटल्यावरही चंद्राची एक फेरी पूर्ण होईपर्यंत बाहेर पडायचे नाही. मृताला पुरायचे गावाच्या कडेला.

कारण आत्म्याचे सांगितलेले, पण नियम साथरोगाच्या पुस्तकातले! इबोलातून बऱ्या झालेल्या पुरुषाच्या वीर्यात हा विषाणू कित्येक महिने तग धरू शकतो, हे आज प्रयोगशाळा सांगते. देवी आलेल्या घराच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधल्याचे ज्यांनी आजीकडून ऐकले आहे, त्यांना त्या दोन काठ्या परक्या वाटणार नाहीत.

मग असे जाणते लोक आजारी माणूस लपवत का होते? कक्षाभोवती ताडपत्रीची उंच भिंत होती. आत गेलेला माणूस दिसायचा नाही, आणि दगावलाच तर नातेवाइकांना न कळवता पुरला जायचा. आत अवयव काढून घेतात, अशी कुजबुज पसरली. पुढे ताडपत्री काढली गेली आणि घरच्यांना आपला माणूस पाहता, त्याच्याशी बोलता येऊ लागले. ही साथ संपेपर्यंत 425 जणांना लागण झाली होती आणि 224 जण दगावले होते.

2014 मध्ये गिनीत याहून अवघड पेच पडला. एक गरोदर स्त्री इबोलाने गेली. तिथल्या किसी लोकांच्या रीतीप्रमाणे गर्भ पोटात असताना तिला पुरता येत नाही, आणि शस्त्रक्रिया करणे म्हणजे डॉक्टरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालणे. मानवशास्त्रज्ञ ज्युलिएन अनोको यांनी जाणत्यांना विचारत असा विधी शोधला, ज्याने मोडलेल्या रीतीची भरपाई होते. त्याचा खर्च जागतिक आरोग्य संघटनेने उचलला. ती स्त्री गर्भासह सुरक्षितपणे पुरली गेली. गावाचाही मान राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी नियमावली काढली.

मानवशास्त्र म्हणजे कवट्यांची मापे आणि जुनी भांडी, ही समजूत आपण कधीच टाकून द्यायला हवी होती. आपल्या इरावती कर्वे यांनी जाई निंबकरांसोबत कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. धरणाने पाणी अडवले, पण उठलेली माणसे गेली कुठे, हे विचारायला कोणीतरी जावेच लागते. 1969 साली त्या पाहणीचे पुस्तक निघाले.

तुमच्या घरात कोणी असेल, ज्याला माणसांजवळ बसून तासन्‌तास ऐकायला आवडते, तर त्याला सांगा, की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. एकदा जाऊन चौकशी कर.