नेच्याच्या पानातील वतनदार

संथ पाण्यावर पसरलेला, एरवी हिरवा परंतु ऊन कडक झाले किंवा स्फुरदाची टंचाई पडली म्हणजे तांबूस होणारा बारीक पानांचा जो थर शेवाळ समजून आपण दुर्लक्षितो, तो पुष्कळदा अझोला नावाचा नेचा असतो. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७८३ सालीच त्याची शास्त्राच्या दप्तरी नोंद केलेली आहे. त्याचे पान जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे, पण दुभंगलेले असते. त्याचा पातळ भाग पाण्याला टेकतो, तर वरच्या जाड भागाच्या पोटी एक पोकळी असून तीत नील-हरित जीवाणूंच्या साखळ्या वास्तव्य करतात.

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा असला, तरी त्याच्या रेणूतील दोन अणूंचा बंध इतका दृढ आहे, की तो तोडण्यास खतकारखान्यात ४०० अंशांहून अधिक उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. हे जीवाणू मात्र तेच कार्य पाण्याच्या सामान्य तपमानात उरकतात. ज्या विकरामुळे हे साधते ते प्राणवायूच्या संसर्गाने निकामी होत असल्यामुळे, साखळीतील काही पेशी जाड भिंतींआड स्वतःला कोंडून घेतात आणि प्राणवायू निर्माण करणारे आपले अंग टाकून केवळ नत्र बांधतात. स्वतंत्र राहणाऱ्या भाऊबंदांत अशा पेशी शेकडा ५ ते १० असतात. अझोलाच्या आश्रितांत त्यांचे प्रमाण २० ते ३० पर्यंत चढते, कारण तयार मालाचा बराच हिस्सा यजमानाकडे जमा करावा लागतो.

हरभऱ्याच्या प्रत्येक पिढीस मातीतील जीवाणूंशी नव्याने करार करावा लागतो. अझोलाने मात्र हा कारभार वंशपरंपरागत वतनासारखा बांधून टाकला आहे: बीजाणुकोशातूनच जीवाणूंचा काही अंश पुढील पिढीच्या हवाली होतो, बाहेरून कोणास बोलवावे लागत नाही. या वतनाची किंमत वतनदारानेच मोजली. २०१० साली जाहीर झालेल्या जनुकसंचाच्या वाचनात त्याची सुमारे ३० टक्के जनुके मोडीत निघालेली आढळली. नत्रयुक्त पाण्यात नेचा जीवाणूविना जगवता येतो. जीवाणू मात्र नेच्याबाहेर वाढवता येत नाही. लाभ उभयतांचा असला तरी परतीची वाट एकाचीच बंद झाली, हे या सहजीवनाचे गुणगान करणाऱ्यांनी विसरू नये.

व्हिएतनाम व चीनमधील शेतकरी शतकानुशतके हा नेचा भातखाचरांत वाढवीत आले, आणि कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेनेही त्यावर पुष्कळ काम केले. तथापि अझोला जिवंत आहे तोवर त्यातील नत्र भातास फारसे लाभत नाही. तो मरून कुजला म्हणजेच ते मोकळे होते. म्हणून ज्यांना तो खाचरात सोडावयाचा असेल त्यांनी पाण्यात थोडे स्फुरद द्यावे, आणि थर दाट झाल्यावर पाणी काढून तो चिखलात गाडावा. नुसता तरंगत ठेवून युरियाची बचत होईल, अशी अपेक्षा धरू नये.