रस्त्यावरचा भार पाण्यावर
बार्ज आणि कंटेनर यांच्या साह्याने शेतमालाची किनारी वाहतूक

झाडावरून उतरविलेला आंबा कोणासाठी थांबून राहत नाही. देवगड, रत्नागिरी किंवा राजापूर येथील बागायतदाराने सायंकाळी भरलेली मालमोटार दुसऱ्या दिवशी पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचली, तर मालाचे चीज होते. तीच मोटार वाटेत कोठे खोळंबून राहिली, तर पेटीतील फळ तापते, पिकण्याचा क्रम बिघडतो आणि पडलेल्या भावाचा फटका अखेर बागायतदारालाच बसतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे 2011 साली हाती घेतलेले काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले, आणि या काळात असे खोळंबे कोकणवासीयांच्या चांगल्याच परिचयाचे झाले.

या महामार्गाला जवळजवळ समांतर असा दुसरा एक मार्ग निसर्गाने दिलेला आहे. त्यावर खड्डे पडत नाहीत व घाट चढावे लागत नाहीत. तो मार्ग म्हणजे समुद्र. रस्त्यावरील जड मालाचा काही भाग या मार्गावर वळविता येईल काय, आणि त्यातून शेतकऱ्याचा लाभ कोणत्या अटींवर होईल, याचा विचार प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने करण्यासारखा आहे.

जुनी वाट

कोकणच्या शेतकऱ्याला समुद्रमार्ग नवीन नाही. मोटाररस्ते होण्यापूर्वी आंबा, नारळ, सुपारी, कौले व मीठ हा सारा माल मचवे, पडाव आणि गलबते यांतूनच मुंबईस जात असे. राजापूर, चिपळूणजवळील गोवळकोट, महाडजवळील दासगाव ही खाडीच्या आतल्या अंगाची ठिकाणे जलमार्गामुळेच व्यापारास चढली. पुढे खाड्यांत गाळ साचत गेला, रस्ते झाले, आणि 1998 साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. हळूहळू धक्के ओस पडले.

तथापि पाण्यावरची वाहतूक सर्वस्वी बंद पडली असे मात्र नाही. धरमतरच्या खाडीतून कोळसा व लोहखनिज बार्जमधून व लहान जहाजांतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाते. गोव्यात मांडवी व जुवारी या नद्यांतून खनिजाचे बार्ज अनेक दशके मुरगाव बंदराकडे जात आले. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह माणसे नेणारी बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि शंभर किलोमीटरांहून अधिक रस्त्याचा फेरा सुमारे तासाभराच्या जलप्रवासावर आला. म्हणजे वाट शिल्लक आहे. तिचा उपयोग शेतमालासाठी कसा करावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

लोखंडी पेटाऱ्याचा जन्म

जुन्या काळी जहाजात माल भरणे हे मोठे वेळखाऊ काम असे. पोती, पिंपे, करंड्या एकेक करून चढवाव्या लागत व उतरवाव्या लागत. त्यात मोडतोड होई, चोरी होई आणि जहाज दिवसचे दिवस धक्क्याला अडकून पडे.

ही अडचण दूर केली ती अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन या मालमोटारींच्या धंद्यातील गृहस्थाने. हा नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शेतकरी कुटुंबातला. किनाऱ्यालगतच्या महामार्गांवर मोटारींची गर्दी वाढत चाललेली पाहून 1953 च्या सुमारास त्याच्या मनात आले की, मोटारी रस्त्यावर तुंबत ठेवण्यापेक्षा त्यांचे मालाने भरलेले पेटारेच जहाजावर चढवून किनाऱ्याकिनाऱ्याने का नेऊ नयेत? 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज 58 पेटारे घेऊन नेवार्क येथून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल जहाजात चढविण्यास त्या वेळी टनामागे साडेपाच डॉलरांहून अधिक खर्च येत असे. पेटाऱ्यांच्या पद्धतीने तो सुमारे 16 सेंटांवर आला. आज साऱ्या जगाचा व्यापार ज्या कंटेनरवर चालतो, त्याचा उगम अशा रीतीने रस्त्यावरील कोंडीतून झाला आहे.

आजचा लहान कंटेनर 20 फूट लांब, 8 फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. मोठा कंटेनर 40 फूट लांब असतो. शेतावरील वखारीत एकदा भरून मोहोर लावली की तो मोटार, आगगाडी आणि जहाज यांवरून न उघडता ग्राहकाच्या दारापर्यंत जाऊ शकतो. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरात 2024-25 या वर्षी वीस फुटी मापाने मोजता 70 लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. यांतील बराच मोठा भाग मोटारींवरून ये-जा करतो. बंदराभोवतालच्या रस्त्यांवर मोटारींच्या रांगा का लागतात, हे यावरून ध्यानी येईल.

बार्जचा उपयोग

बार्ज ही उथळ व सपाट बुडाची मालवाहू नौका होय. तिला मोठ्या जहाजाइतके खोल पाणी लागत नाही, म्हणून ती खाडीत आतवर येऊ शकते. काही बार्जना स्वतःचे यंत्र असते, तर काही टग नावाच्या दुसऱ्या बोटीने ओढून किंवा ढकलून न्याव्या लागतात.

जलवाहतूक स्वस्त का, याचा नेहमी दिला जाणारा दाखला असा आहे की, एक अश्वशक्ती रस्त्यावर सुमारे 150 किलो, रुळांवर 500 किलो आणि पाण्यावर 4,000 किलो माल हलवू शकते. ज्याने चिखलातून गाडी ओढणारे बैल आणि खाडीतून भरलेला पडाव ढकलणारा खलाशी पाहिला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

एक सेवा टिकली, एक बंद पडली

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स नदीवर रिचमंड हे शहर आहे. समुद्रकिनाऱ्यावरील नॉरफोकच्या बंदरातून तेथे येणारे कंटेनर 64 क्रमांकाच्या महामार्गावरून येत व त्यावर गर्दी होई. डिसेंबर 2008 मध्ये तेथे बार्जसेवा सुरू झाली. प्रारंभी आठवड्यातून एक खेप होई. पुढे माल वाढला तशा खेपाही वाढविण्यात आल्या. शंभरावर कंटेनर एका खेपेस गेले म्हणजे तितक्या मोटारी त्या दिवशी रस्त्यावर येत नाहीत. ही सेवा टिकून राहिली.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. तेथील मध्य खोऱ्यातील शेतमाल स्टॉक्टन येथून ओकलंडच्या बंदरात नेण्यासाठी जून 2013 मध्ये बार्ज सुरू करण्यात आले. सरकारने मोठे अनुदान दिले होते व नव्या यारीही आणल्या होत्या. रस्त्यावर वजनाची मर्यादा असल्याने जे कंटेनर अर्धवट भरावे लागत, ते पाण्यावरून पूर्ण भरून नेता येतील, असाही लाभ होता. परंतु अपेक्षेइतके कंटेनर नियमितपणे मिळाले नाहीत. मोटार त्याच दिवशी बंदरात पोहोचत असे. बार्जला अधिक वेळ लागे. खर्च भागेना, आणि ऑगस्ट 2014 मध्ये ही सेवा थांबली.

दोन्ही ठिकाणी नदी होती, यंत्रसामग्री होती व सरकारचे साह्यही होते. फरक पडला तो ठराविक मालाच्या नियमित पुरवठ्यात. धक्का बांधल्याने माल आपोआप येतो, असे मानणे चुकीचे आहे.

गाळ आणि पावसाळा

आपल्या शेजारच्या गुजरातमधील अनुभवही बोधप्रद आहे. खंबातच्या आखातात घोघा ते दहेज ही बोट 2017 साली सुरू झाली. पण दहेज येथे गाळ साचून पाण्याची खोली पुरेना, म्हणून ती 2019 साली बंद ठेवावी लागली. पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये घोघा ते हजीरा अशी सेवा सुरू झाली. त्यामुळे 370 किलोमीटरांचा रस्त्याचा प्रवास 90 किलोमीटरांच्या जलप्रवासावर आला. कोकणातील खाड्यांनाही हाच नियम लागू आहे. डोंगरावरील झाडे तोडली व बांधबंदिस्ती सोडली की उतारावरची माती पावसाबरोबर खाडीत येते. मृद्संधारणाचे काम करणारा शेतकरी आपल्या शेताबरोबर आपली खाडीही राखीत असतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट 17 जुलै 1947 रोजी बुडाली व सहाशेहून अधिक माणसे दगावली, ही आठवण कोकणात अजून पुसलेली नाही. सपाट बुडाचा बार्ज खाडीत सुरक्षित असला, तरी खवळलेल्या समुद्रात तो चालत नाही. खुल्या किनाऱ्यावर चालण्यासाठी 2013 साली ‘नदी-सागर नौका’ असा स्वतंत्र वर्ग ठरवून त्याचे नियम करण्यात आले. तरीही लाटांची मर्यादा पाळावीच लागते. सुदैवाने हापूसचा मुख्य हंगाम मार्च ते मे हा आहे, म्हणजे समुद्र बहुधा शांत असण्याच्या काळातलाच आहे.

हिशेब कसा मांडावा

जलमार्ग स्वस्त आहे हे खरे. पण माल शेतापासून धक्क्यापर्यंत आणि पुढच्या धक्क्यापासून बाजारापर्यंत मोटारीनेच न्यावा लागतो, शिवाय दोनदा उचलावा लागतो. हा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सरळ रस्त्याने एक कंटेनर नेण्यास 100 रुपये पडतात. जलमार्गाचे भाडे 40 रुपये, दोन्ही टोकांच्या चढ-उताराचे 15 प्रमाणे 30 रुपये आणि दोन्ही बाजूंच्या मोटारींचे 10 प्रमाणे 20 रुपये धरले, तर एकूण खर्च 90 रुपये होतो. म्हणजे 10 रुपयांची बचत झाली. परंतु बार्ज परत येताना रिकामा आला, तर त्या फेरीचा भारही याच मालावर पडतो. मग जलभाडे 80 रुपये होऊन एकूण खर्च 130 रुपयांवर जातो, आणि बचतीच्या जागी तोटा येतो.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. अंतर लांब असावे. शेत धक्क्याच्या जवळ असावे. आणि परतीला माल असावा. खते, सिमेंट, पशुखाद्य आणि धान्य ही कोकणात येणारी जिन्नस परतीसाठी योग्य होत. ज्याचे शेत किनाऱ्यापासून दूर घाटावर आहे, त्याला मात्र बंदरापर्यंत रस्ता किंवा रेल्वे हाच मार्ग आहे. तरीही रस्त्यावरील इतर जड माल पाण्यावर गेला, तर त्याच्याही मोटारीस वाट मोकळी मिळेल.

कोणता माल, कशी तयारी

टिकाऊ, जड आणि ठराविक प्रमाणात मिळणारा माल प्रथम निवडावा. आयात होणारा कच्चा काजू, भात, तांदूळ, सुपारी, नारळ व डबाबंद आमरस हे या प्रकारात मोडतात. गुजरातेतील मोरबीच्या फरशा कंटेनरमधून समुद्रमार्गे केरळात जातात, त्या याच कारणाने.

सुका माल भरताना तो पूर्ण वाळलेला असावा. बंद लोखंडी पेटाऱ्यात दिवसा हवा तापते व रात्री छताला घाम धरून पाणी पोत्यांवर ठिबकते. म्हणून ओला काजू किंवा ओले भात कधीही भरू नये. तळाशी लाकडी फळ्या घालाव्यात आणि भरण्यापूर्वी आत उभे राहून, दारे लावून, कोठून उजेड येतो काय हे पाहावे. उजेड येत असेल तेथून पाणीही येईल.

ताज्या आंब्यासाठी साधा कंटेनर उपयोगी नाही. त्याला सुमारे 13 अंश सेल्सिअस तापमान राखणारा शीत कंटेनर व अखंड वीज लागते. ज्या धक्क्यावर वीज नाही, तेथून ताजे फळ पाठविण्याचे धाडस करू नये.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

शासनाने या दिशेने काही पावले टाकली आहेत. 2016 च्या कायद्याने देशातील 111 जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले. धरमतर खाडीची अंबा नदी त्यांतील 10 व्या क्रमांकाची आहे. 2018 साली शेती, फलोत्पादन, मत्स्य व पशुधन यांचा माल किनाऱ्यावरून नेण्यास परदेशी जहाजांनाही सवलत देण्यात आली. 2025 साली संसदेने किनारी नौवहनाचा स्वतंत्र कायदा संमत केला. परंतु कायद्याने वाट मोकळी होते. गाडी शेतकऱ्यालाच भरावी लागते.

एकट्या शेतकऱ्याचा माल एक कंटेनरही भरत नाही. म्हणून ग्रामकार्यकर्त्याने प्रथम आपल्या गटातील गावांची यादी करावी. कोणत्या महिन्यात कोणता माल किती निघतो, तो कोठे जातो, आज भाडे किती पडते आणि वाटेत किती खराब होतो, याची नोंद किमान एक हंगामभर ठेवावी. त्याचबरोबर बाहेरून गावात येणाऱ्या खत-धान्याचीही नोंद घ्यावी. सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांच्यामार्फत हे आकडे एकत्र झाले, म्हणजे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे किंवा जहाज चालविणाऱ्याकडे जाऊन ‘अमुक आठवड्यात अमुक कंटेनर निश्चित मिळतील’ असे सांगता येईल. स्टॉक्टनला जे कमी पडले ते नेमके हेच होते.

त्याचप्रमाणे धक्क्यालगतच्या कोळी बांधवांना विश्वासात घेतल्याशिवाय कोणतीही योजना आखू नये. त्यांची जाळी, होड्या लावण्याच्या जागा आणि मासळी वाळविण्याची वाळवणे यांना धक्का न लावता बार्जचा मार्ग ठरविला पाहिजे. खाडीची भरती-ओहोटी, खडक आणि गाळ यांचे ज्ञान त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास नसते. त्यांचा सल्ला योजनेच्या आरंभीच घेणे हिताचे आहे.

खाडी दारात आहे म्हणून माल आपोआप तरत नाही. धक्का दुरुस्त, पाणी पुरेसे खोल, माल ठरलेला आणि परतीची खेप भरलेली, एवढे साधले तर महामार्गावरील एक रांग तरी आखूड होईल आणि पहाटे बाजार गाठू पाहणाऱ्या आंब्याच्या मोटारीला रस्ता मोकळा सापडेल. त्याचा आरंभ गावातील नोंदवहीच्या पहिल्या पानापासून करावयाचा आहे.