खत, खाचर व आलेख

मावळांत भाताचीं खाचरें थोडीं, आणि खत त्याहून थोडें. कोणतें भात किती एकरांत लावावें, हा प्रश्न म्हणून दर वर्षीं उभा राहतो. लोणावळ्याकडील मुसळधार पावसांत, ऐन चिखलणीच्या वेळीं खत अपुरें पडलें तर उपाय हातीं राहत नाहीं. हा हिशेब मृगापूर्वींच चौकटीच्या कागदावर कसा करावा, तें आम्ही येथें सांगतों.

वडगांव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं प्रसारित झालेला इंद्रायणी वाण खत चांगलें मानवून घेतो. उंच वाढणारा आंबेमोहोर जादा खतानें लोळतो. उदाहरणापुरतें समजूं कीं, खाचरें ४ एकर व शेणखत ३० गाड्या आहे. एकरीं इंद्रायणीस १० आणि आंबेमोहोरास ५ गाड्या घालावयाच्या आहेत. इंद्रायणीचे एकर क्ष व आंबेमोहोराचे य मानूं. मग क्ष + य हें ४ हून, आणि १०क्ष + ५य हें ३० हून अधिक होतां कामा नये. अशा अटींस असमानता म्हणतात.

आडव्या रेघेवर क्ष व उभ्या रेघेवर य मोजावा. पहिल्या अटीसाठीं आडवीवरील ४ व उभीवरील ४ हे बिंदू जोडावे. हा जमिनीचा बांध. दुसरीसाठीं आडवीवरील ३ व उभीवरील ६ जोडावे; हा खताचा बांध. बांधाची कोणती बाजू आपली? कांहींच न लावल्यास दोन्ही अटी पाळल्या जातात, म्हणून शून्याकडील बाजू आपली. बरोबरीस मुभा असल्यानें रेघ अखंड काढावी. 'कमीच हवें' अशी अट असती, तर तुटक. दोन्ही बाजूंस सामाईक असा जो चौकोन उरतो, तेवढीच लागवड शक्य आहे.

३ एकर इंद्रायणी व १ एकर आंबेमोहोर लावूं म्हटलें, तर जमीन पुरते. पण खत ३५ गाड्या लागतें. तो बिंदू चौकोनाबाहेर पडतो.

सर्वांत अधिक नफा चौकोनाच्या कोपऱ्यावर सांपडतो. एकरीं नफा इंद्रायणीचा ५ व आंबेमोहोराचा ४ भाग धरल्यास, ३ एकर केवळ इंद्रायणीचे १५, ४ एकर केवळ आंबेमोहोराचे १६, आणि दोन्ही बांध छेदतात तेथील २ व २ एकरांचे १८ भाग होतात. अनेक अटींचे असे हिशेब सोडविण्याच्या रीती रशियांत कांतोरोविच यांनीं १९३९ सालीं व अमेरिकेंत डँट्झिग यांनीं १९४७ सालीं मांडल्या.

वाचकांनीं आपले आंकडे घालून पाहावे. भाव पालटले तर लाभाचा कोपरा पालटूं शकेल. बांध मात्र केवळ भाव पालटल्यानें हलणार नाहींत.